दाताची खाच

पाचपाखाडीच्या डॉक्टरनं तोंडात आरसा धरून विचारलं,
"शिवणकाम करता का?"
बोलता येत नव्हतं, मी डोळ्यांनीच हो म्हटलं.
पुढच्या दाताच्या धारेवर एक बारीक खाच आहे म्हणाला,
दोऱ्याएवढी.

एकतीस वर्षं दोरा दातानं तोडलाय,
कात्री मांडीवर असतानाही.

त्याच महिन्यात लोकमान्यनगरात आमच्या गॅलरीत
कढीपत्त्याच्या फांदीवर फुलोरी बसली.
पोळं माझ्या तळहाताएवढं. फांदी करंगळीएवढी.
शेजारच्या सरोजिनीबाई म्हणाल्या, मुंग्या खाऊन टाकतील बघा.
मुंग्या आल्याच,
ड्रमावरून, खोडावरून, नेहमीच्या रांगेत,
आणि पोळ्याच्या अलीकडं दोन बोटांवर थांबल्या.
फांदीला तिथं एक कडं होतं,
ओलसर, तपकिरी, चमकणारं.
पलीकडच्या बाजूलाही तसंच.
एक मुंगी पुढं गेली. ती अजून तिथंच आहे.

मग मी मशीन खिडकीशी ओढलं.

खालच्या आंब्याची फांदी महापालिकेच्या माणसांनी छाटली होती,
त्या जखमेवर भर दुपारी, चीक उन्हानं सैल झाला की
माश्या यायच्या.
गच्चीच्या जिन्यावरून हातभर अंतरावर दिसतं ते.
माशी जबड्यात चिकाचा कण धरते
आणि मागं सरकते.
चीक तुटत नाही, तार निघते.
अजून मागं सरकते. तार लांबते, बारीक होते,
मशीनच्या रिळावरून निघाल्यासारखी.
मग कुठंतरी दात (दातच म्हणते मी) मिटतात,
आणि तोंडातला कण पुढच्या पायात,
पुढच्यातून मधल्यात,
मधल्यानं मागच्या पायावर थाप,
जशी मी पदराच्या काठावर फॉल दाबत जाते.
एवढं सगळं, आणि तोंड चिकटत नाही.

आमची काकी फणस चिरायची तेव्हा
आधी कोपरापर्यंत खोबरेल चोपडायची.
विळीलाही.
हिच्या तोंडाला कोण तेल लावतं?
जबड्यातून काही पाझरत असेल. मला नाही माहीत.
दोरा ओवताना माझ्याही तोंडाला आपोआप पाणी सुटतं.

पोळ्यावर परतली की ती नुसती उभी राहते.
पायावरचा गोळा तिचा तिला काढता येत नाही.
दुसरी कुणी येते, तोंडानं ओढते, चावते, ओढते,
पहिली फांदीला घट्ट धरून असते.
कधी कधी बराच वेळ कुणी येत नाही.
मी बटणं लावत बसते तोवर.

गुरुवारी सोसायटीच्या टिपणीसांनी फवारणीवाला पाठवला.
हनीफ नाव, पाठीला डबा, मिशी नुकती फुटलेली.
म्हटलं, आधी बघ.
त्यानं वाकून बघितलं, आणि बघितल्यावर
कुणालाही होईल तो मोह त्याला झाला:
कड्यावर बोट टेकवलं.
बोट सुटलं, पण चीक घेऊनच.
पँटला पुसलं, पँट चिकटली.
अंगठ्यानं काढायला गेला, अंगठाही गेला.
पोळ्यावरून एक थरथर धावली, काठापासून काठापर्यंत,
वाऱ्यात जरीचा पदर हलावा तशी,
आणि पुन्हा सगळं स्थिर.
मी खोबरेलाची बाटली आणली.
त्याचा हात माझ्या हातात घेऊन चोळत बसले,
एक एक बोट.
तो म्हणाला, "मावशी, घरी पण असंच लावतात. फणसाला."
कुठलं घर, ते मी विचारलं नाही.
वहीत त्यानं लिहिलं: पोळं रिकामं, फवारणीची गरज नाही.
मी वाचलं, काही बोलले नाही.

डॉक्टर म्हणाला होता, खाच भरून देऊ का,
दाताच्याच रंगाचं मिळतं हल्ली, कळणारही नाही.
म्हटलं, किती वेळ लागेल?
वीस मिनिटं.
म्हटलं, सणानंतर बघू,
चौदा ब्लाउज द्यायचेत.

आज जांभळा दोरा लागलाय.
दुपारचे दोन.
जिन्यावरचं ऊन खाली आंब्यापर्यंत उतरलं असेल.